ब्रेडोची मान

लीसबेट कोर्डेस बोलायला उभी राहिली आणि आर्नुल्फ ब्रेडोनं मान फिरवली. खिडकीकडे. गेल्या दोन वर्षांत एक गुरुवार असा गेला नव्हता की हिनं तोंड उघडलं आणि त्यानं खिडकीबाहेर बघितलं नाही. बाहेर होतं तरी काय, तर एक लिंडेनचं झाड, तेही जानेवारीत खराटा झालेलं. पण साहेबांना त्या खराट्यात जेवढा रस होता तेवढा लीसबेटच्या बोलण्यात नव्हता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि आवाज चढला. नेहमीच चढायचा.

"दुसऱ्याचा राग आपण गणित मांडून ओळखत नाही," ती जवळजवळ ओरडलीच. "मी चिडले की माझ्या कपाळावर आठ्या पडतात, समोरच्याच्याही पडल्यात, म्हणजे तोही चिडला असणार, असं कोणी करत बसत नाही. राग मला त्या आठ्यांतच दिसतो. सरळ. झाड दिसावं तसा."

"जरा हळू, फ्रॉइलाइन," प्रोफेसर ओल्डेकॉप म्हणाले. "झाड पळून चाललेलं नाही."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. ब्रेडो हसला नाही. त्यानं खिडकीकडेच बघत सावकाश मान डोलावली, लहान पोराचं पाठांतर ऐकून डोलवावी तशी. लीसबेट खाली बसली.

ओल्डेकॉपांच्या सेमिनारात सगळे एकच गोष्ट शिकायला येत. बाहेरचे लोक तिला फेनॉमेनॉलॉजी म्हणत. ओल्डेकॉप म्हणत, समोर जे येतं ते जसं येतं तसं सांगा, त्यात आपल्या अंदाजाचं पाणी घालू नका. सांगायला सोपं. एकदा त्यांनी अख्खं सत्र शाईच्या एका दौतीवर घालवलं होतं आणि शेवटच्या दिवशी म्हणाले होते की दौतीची मागची बाजू राहूनच गेली. एकोणीसशे पंचवीस-सव्वीसच्या या हिवाळी सत्राचा विषय दौतीपेक्षा अवघड होता. दुसऱ्या माणसाचं मन आपल्याला कळतं कसं? लीसबेटनं डॉक्टरेट त्यावरच मिळवली होती. मन आत कुठे दडलेलं नसतं, ते चेहऱ्यावर, मानेत, हातात उघडं दिसतं, असं तिचं म्हणणं. आणि तिच्याकडे पुरावा होता. ब्रेडोचा तिरस्कार तिला दर गुरुवारी पाच वाजून दहा मिनिटांनी दिसत होता.

नुसत्या तिरस्काराचं तिनं काही मनावर घेतलं नसतं. पण ईस्टरनंतर ओल्डेकॉप एक असिस्टंट नेमणार होते. जागा एक आणि लायक माणसं दोन, ती आणि ब्रेडो. म्हातारा पुस्तक तोंडी सांगणार आणि असिस्टंटनं ते उतरवून घ्यायचं, असं ते काम. त्यातून पुढे कधीतरी स्वतः वर्गासमोर उभं राहता येई. बाईमाणसाला त्या वाटेनं जाऊ देण्याला जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती आणि या गावात तिच्यासाठी याखेरीज दुसरं दार नव्हतं. नाहीतर मग लेअर गाव, समुद्राचा वारा आणि आत्याची मुलींची शाळा. आत्याचं पत्र आलंच होतं: ईस्टरपर्यंत वाट बघते, शिवणाचा वर्ग तुझ्यासाठी ठेवलाय.

आता टिपणांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं महाभारत तिथूनच. सेमिनारात दर गुरुवारी एकानं टिपण घ्यायचं आणि पुढच्या गुरुवारी ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. मग त्याच्याही आधीच्या खेपेला ज्यानं टिपण घेतलं असेल त्यानं ते बरोबर असल्याची ग्वाही द्यायची, बाकीच्यांनी बोटांच्या पेरांनी टेबल वाजवायचं, आणि टिपण जाड बांधणीच्या वहीत चढायचं. पसंत नसलं तर टेबलाखाली बूट घासले जात. लीसबेटला लघुलिपी येत होती. तिच्या टिपणात ओल्डेकॉपांचं खोकणं सोडून सगळं असे. ब्रेडोच्या टिपणात निम्मं नसे, आणि जे असे ते कोणी बोललेलं आठवत नसे. तरी म्हातारा डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "हेच. हेच मला म्हणायचं होतं." 

मागच्या वर्षी एकदा तर त्यांनी भर वर्गात सांगितलं, "फ्रॉइलाइन कोर्डेस मी बोललेलं लिहितात. ब्रेडो माझ्या मनातलं लिहितात." टेबल वाजलं. लीसबेटनंही वाजवलं, दुसरं काय करणार होती? पण ते वाक्य तिच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं.

त्या जानेवारीतल्या गुरुवारी तास संपल्यावर ओल्डेकॉपांनी दोघांना थांबवून घेतलं.

"शनिवारी दहा ते अकरा या खोलीत समोरासमोर बसा," ते म्हणाले. "बोलायचं नाही. समोरचा माणूस तुम्हाला जसा दिसतो तसा एका कागदावर लिहा. त्या दिवशी दिसेल ते, दोन वर्षांत दिसलं असेल तेही. पाकिटात घालून गुरुवारी माझ्या टेबलावर ठेवा."

"आणि जागेचं?" लीसबेटनं विचारलं. ब्रेडोची मान लगेच फिरली.

"ते पाकिटं वाचल्यावर."

शनिवारी लीसबेट पेन भरूनच आली. तिला बघण्याची गरजच नव्हती, मजकूर डोक्यात तयार होता. 'हेर ब्रेडो यांची तुच्छता त्यांच्या मानेत आहे,' तिनं लिहिलं. 'ती डाव्या खांद्यावरून सुरू होते. समोरचा बोलू लागताच चेहरा काढून घेतला जातो, दार लावून घ्यावं तसा. मी ती ताडत नाही. मी ती बघते.' झकास जमत होतं. समोर ब्रेडो सावकाश लिहीत होता, मधून मधून तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असले काही सौम्य भाव होते की तिला उठून त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

साडेदहाला शिपाई क्नोप कोळशाची बादली घेऊन मागच्या दारानं आला. शेगडी ब्रेडोच्या पाठीशी होती.

"साहेब, जरा खुर्ची पुढे घ्या," क्नोप म्हणाला. ब्रेडो लिहीत राहिला. "साहेब, खुर्ची. झाकण उघडायचंय." ब्रेडोनं पान उलटलं. "अहो हेर डॉक्टर, भाजाल ना पाठीवर."

लीसबेटनं नजर उचलून क्नोपकडे बघितलं. तिची नजर कुठे गेली ते ब्रेडोनं बघितलं आणि तो वळला. "अरे, क्नोप, तुम्ही होय," तो म्हणाला. क्नोप पुन्हा बोलायला लागला आणि ब्रेडोनं मान फिरवली. तस्सीच. हनुवटी डाव्या खांद्यावर, चेहरा खिडकीकडे, उजवा कान क्नोपच्या तोंडाशी.

लीसबेटच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं आणि तिथे शाईचा मोठा डाग पडला.

माणसाला शरम वाटायची वेळ असते ती हीच. दोन वर्षं ज्याला तिरस्कार म्हटलं ते बहिऱ्या माणसाचं ऐकणं होतं. तिला शरम वाटलीही, खोटं कशाला बोला, पण ती खुर्ची सरकवेपर्यंत टिकली. त्यानंतर मनात ज्या उकळ्या फुटल्या त्या आनंदाच्या होत्या. तोंडी सांगितलेलं उतरवून घ्यायचं काम, आणि ज्याला ऐकू येत नाही असा उमेदवार! तिनं डागावर टीपकागद दाबला. मजकूर बदलला नाही. तो बदलायचा म्हणजे स्वतःचा सगळा सिद्धांत शेगडीत घालायचा, आणि ती काही इतकी साधी नव्हती.

सोमवारी तिनं कपाटातल्या टिपणवह्या काढल्या आणि शेजारी आपले लघुलिपीचे कागद ठेवले. ओल्डेकॉपांना बोलता बोलता फळ्याकडे तोंड करायची सवय होती. ब्रेडोच्या टिपणातली ती गाजलेली वाक्यं, 'हेच मला म्हणायचं होतं'वाली, एकूण एक त्याच वेळची निघाली. तोंड दिसत होतं तोवर तो ओठ वाचत होता. पाठ झाली की मनानंच ठोकून देत होता. आणि तिनं इमानेइतबारे शब्द न् शब्द टिपला तर ती ग्रामोफोन ठरली होती.

"आज स्वारी खुशीत दिसते," संध्याकाळी घरमालकीण फ्राउ बार्टेल्सनं बटाट्याचं सूप वाढता वाढता म्हटलं. "तो मान फिरवणारा मेला की काय?"

"बहिरा आहे तो, फ्राउ बार्टेल्स. लढाईतून आला तसा असणार."

"अगंबाई." बाईंनी पळी खाली ठेवली. "म्हणजे उगाचच शिव्या घातल्या बिचाऱ्याला. माझ्याच टेबलावर बसून दोन वर्षं घातल्यात. मग गेला का राग?"

"नाही."

"का गं?"

लीसबेटनं सूप ढवळलं. "कारण तो लबाड आहे."

"माझा नवरा बावीस वर्षं माझ्याकडे पाठ करून जेवला," फ्राउ बार्टेल्स म्हणाल्या. "तो लबाड होता की दमलेला होता, हे काही मला शेवटपर्यंत कळलं नाही. तुमच्यात त्याच्यावर डॉक्टर होता येतं म्हणे." आणि त्यांनी ताटली उचलून नेली, सूप अर्धं असताना.

गुरुवारी टिपण वाचायची पाळी लीसबेटची होती आणि ग्वाही द्यायची ब्रेडोची. दोन्ही पाकिटं ओल्डेकॉपांच्या टेबलावर होती. ब्रेडोचं जाड होतं, लाख लावून बंद केलेलं. आज तो जरा फिकट दिसत होता. तिला बघून त्यानं वाकून नमस्कार केला.

लीसबेट उभी राहिली. टिपणाची वही तिनं तोंडासमोर धरली, नाकापर्यंत. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत ती हळू आवाजात बोलली. ब्रेडोनं मान फिरवून कान पुढे केला. दोन पानं सरळ गेली. तिसऱ्या पानावर तिनं वाचलं: "यावर हेर ब्रेडो म्हणाले, की दुसऱ्याचं मन कळतं ही भाबडी समजूत आहे. हेर प्रोफेसर बारा वर्षं हवेत काठी फिरवताहेत, आणि आपण सगळे पोटासाठी टाळ्या वाजवतोय."

ओल्डेकॉपांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लीसबेटनं टिपण संपवलं, वही खाली घेतली.

ओल्डेकॉप ब्रेडोकडे वळले. "हे बरोबर आहे?" त्यांनी प्रत्येक शब्द वेगळा करत विचारलं. त्यांचे ओठ चांगले दिसत होते.

"शब्द न् शब्द, हेर प्रोफेसर," ब्रेडो म्हणाला. "फ्रॉइलाइन कोर्डेस यांच्या टिपणावर डोळे मिटून विश्वास ठेवावा." आणि त्यानं पेरांनी टेबल वाजवलं. एकट्यानंच. मग टेबलाखाली बूट घासायला लागले, एकाचे, दोघांचे, सगळ्यांचे. ब्रेडोला बहुधा ते पायाखालच्या फळ्यांतून जाणवलं असावं. तो एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागला.

"हेर ब्रेडो तसं काही म्हणालेच नव्हते," लीसबेट म्हणाली. "ते मी घातलं. आणि आत्ता मी काय वाचलं ते त्यांना ठाऊक नाही. विचारून बघा."

"काय वाचलं त्यांनी?" ओल्डेकॉपांनी विचारलं.

ब्रेडोनं तिच्या हातातल्या वहीकडे बघितलं.

"उभे राहा. फळ्याकडे तोंड करा."

हे ओठ ब्रेडोला वाचता आले. तो उठला, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा फळ्याकडे तोंड करून उभा राहिला. ओल्डेकॉपांनी त्याच्या पाठीला विचारलं, "ब्रेडो, तुमचं नाव काय?" मग पुन्हा विचारलं. कोणीतरी फिसकन हसलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, क्नोपला खूण करावी तशी हातानं हवा ढकलली, आणि एका विद्यार्थ्यानं ब्रेडोला खांद्याला धरून वळवलं.

"सोळा साली," ब्रेडो म्हणाला, कोणी न विचारता. "तोफगोळा. डावा सगळा गेला. उजव्याला कोणी मोठ्यानं बोललं तर ऐकू येतं."

"म्हणजे दोन वर्षं तुम्ही माझ्यापुढे मान डोलावत होतात," ओल्डेकॉपांचा आवाज चिरका झाला होता, "आणि मी समजत होतो, एक माणूस तरी माझं ऐकतोय."

"बघत होतो, हेर प्रोफेसर. तुमच्याइतकं मी कोणाकडेच बघितलेलं नाही."

"बघत होतात! अंदाज बांधत होतात तुम्ही. माझ्या वर्गात बसून, माझ्याबद्दल अंदाज. जा आता."

ब्रेडोनं कागद गोळा केले. दाराशी जाताना तो लीसबेटच्या खुर्चीपाशी थांबला.

"मला वाटलं होतं तुम्हाला ठाऊक आहे," तो म्हणाला.

"आहेच ठाऊक," लीसबेट म्हणाली. पण ती त्याच्या डाव्या बाजूला होती. तो निघून गेला.

पंधरा दिवसांत जागा तिची झाली. लेअरला तिनं चार ओळींचं कार्ड टाकलं आणि आत्याच्या शिवणाच्या वर्गाला शुभेच्छा दिल्या. ब्रेडो गाव सोडून गेल्याचं क्नोपनं सांगितलं, कुठे ते त्यालाही माहीत नव्हतं. ओल्डेकॉपांनी पहिलं काम दिलं ते टिपणवह्यांचं. ब्रेडोची वाक्यं पुस्तकातून काढायची का, हे तिनं विचारलं.

"का म्हणून?" म्हातारा म्हणाला. "मला तेच म्हणायचं होतं."

तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला या माणसाचीही चीड येऊ शकते. पण जागा मिळाली होती, तोंड बंद ठेवलेलं बरं.

एका दुपारी ओल्डेकॉप आरामखुर्चीत टेकले, पाय शेगडीशी, डोळे मिटलेले. "ती दोन पाकिटं खणात पडलीत," ते म्हणाले. "सराव म्हणून दिलं होतं, वहीत चढवून टाका. आधी वाचून दाखवा. तुमचं पहिलं."

तिनं आपलं वाचलं. तुच्छता मानेत आहे, डाव्या खांद्यावरून सुरू होते, मी ती ताडत नाही, मी ती बघते. आवाज खणखणीत होता. ओल्डेकॉप म्हणाले, "उत्तम. वर्णन असं असावं. हे पुस्तकात घ्या." त्या मानेत खरं काय होतं ते दोघांनाही माहीत होतं. दोघांनीही तो विषय काढला नाही.

मग तिनं ब्रेडोच्या पाकिटाची लाख फोडली.

"'आदरणीय हेर प्रोफेसर,'" ती वाचू लागली. "'जे जसं येतं तसं लिहायचं तर एक गोष्ट आधी कबूल करायला हवी. मला जवळजवळ ऐकू येत नाही. हे मी तुमच्यापासून लपवलं. असिस्टंटचं काम कानांचं आहे, त्याबद्दल गुरुवारी तासानंतर मी तुमच्याशी बोलेन.'" 

ती थांबली. ओल्डेकॉपांनी डोळे उघडले नाहीत. "पुढे."

"'फ्रॉइलाइन कोर्डेस बोलू लागल्या की मी उजवा कान त्यांच्याकडे करतो. त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून चेहऱ्याबद्दल मी लिहिणार नाही. मला त्यांचा फक्त आवाज मिळतो. मी मान फिरवली की तो चढतो. दर वेळी. दुसऱ्या कोणाचा चढत नाही. दोन वर्षांत या खोलीत मला नीट ऐकू आलेला तो एकच आवाज आहे.'"

"अंहं," ओल्डेकॉप म्हणाले. "जरा मोठ्यानं."

"'त्यांना माझं व्यंग ठाऊक आहे. त्यांनी ते कोणाला सांगितलेलं नाही. मला लाज वाटू नये म्हणून मलाही तसं जाणवू दिलेलं नाही; सगळे हसतात तरी त्या माझ्यासाठी मोठ्यानं बोलतात. हा माझा अंदाज नाही. त्यांचा चांगुलपणा मला त्या आवाजात सरळ...'"

"फ्रॉइलाइन कोर्डेस," ओल्डेकॉप वैतागून म्हणाले आणि त्यांनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं वाचा. मला ऐकू येत नाहीये."

तिनं कागद वर धरला, श्वास घेतला आणि तेच वाक्य पुन्हा सुरू केलं. तिचा आवाज काही चढेना.